हरितलवकाची तपासणी

संशोधन धानाच्या पानांवर होते. अर्जुनी मोरगावकडे माझ्या धाकट्या भावाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, आहेत. पावसाने दडी मारली त्या हंगामात तिथल्या कोरड्या आणि ओल्या बांध्यांतली पाने मी तोडली आणि गोंदियाच्या प्रयोगशाळेत त्यांचा डीएनए काढला. दुष्काळ सोसलेल्या धानाच्या डीएनएवर मिथिलेशनच्या खुणा वाढतात का, हा प्रश्न होता. मिथिल हा अगदी छोटा रासायनिक गट. तो डीएनएतल्या सी या अक्षराला चिकटला की जवळचा जनुक बहुधा गप्प होतो.

या खुणा शोधायला डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. बिनखुणेचा सी त्यात बदलतो, खुणेचा तसाच राहतो. प्रक्रिया अर्धवट झाली तर बिनखुणेचे सीही तसेच उरतात आणि खुणा असल्याचा भास होतो. म्हणून आम्ही लोक हरितलवकही तपासतो. पानाला हिरवेपण देणाऱ्या या कणांना स्वतःचा डीएनए असतो आणि त्यावर खुणा जवळपास नसतात. तिथे त्या दिसल्या, तर प्रयोग फसला.

कोरड्या बांधीच्या नमुन्यांत तिथे खुणा भरपूर दिसल्या.

रसायनशास्त्रात परत येण्याआधी मी एका दैनिकात उपसंपादक होते. खात्री केल्याशिवाय मजकूर पानावर जात नसे. प्रयोग पुन्हा करावा लागेल, असे मी मार्गदर्शक सरांना सांगितले.

"अगं, ते पेपरवालं डोकं घरी ठेवून येत जा. निष्कर्ष किती सुंदर आलाय!"

"सर, हरितलवकात खुणा आहेत."

"मग हरितलवक दाखवू नकोस."

मी नकार दिला. माझी जागा गेली, पाठोपाठ पीएचडीची नोंदणी गेली. शोधनिबंध सरांच्या एकट्याच्या नावाने छापून आला.

"बाई, काऊन चूप बसून राहिली तू?" भाऊ म्हणाला. "जाय ना, कॉलर धर त्याची."

"आत्ता नाही."

"मंग कवा? रिटायर झाल्यावर?"

"स्टेजवर चढल्यावर."

"पेपरवाली आहेस बाप्पा!"

नियतकालिकाच्या संपादकांना मी चूक कळवू शकले असते. निबंध गुपचूप मागे घेतला गेला असता. मला गुपचूप नको होते.

पुढे फुलचूरच्या एका सभागृहात परिसंवाद झाला. मुख्य व्याख्यान सरांचे. धानाला दुष्काळ आठवतो, त्याच्या खुणा डीएनएवर राहतात, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत मी थांबले आणि हात वर केला.

"हरितलवकात किती खुणा आढळल्या, सर?"

"ते सगळं व्यवस्थित तपासलंय."

"आलेख दाखवता?"

"आत्ता जवळ नाही."

"माझ्याजवळ आहे. ती तपासणी मीच केली होती."

अध्यक्षांनी आलेख पडद्यावर लावू दिला. ते याच विषयातले होते. बराच वेळ पाहून त्यांनी सरांना विचारले, "हे तुम्हाला माहीत होतं?"

सर पाणी प्यायले. मला बरे वाटले. चांगलेच बरे वाटले.

काही दिवसांनी ते माझ्या घरी आले. भाऊ आलेला होता. मी चहा ठेवला.

"निबंध मागे घ्यायला सांगतायत," सर म्हणाले. "तुझ्याकडे त्या हंगामाची सुकवलेली पानं आहेत ना? प्रयोगशाळेतली संपली. पुन्हा प्रयोग करू, दोघांच्या नावानं."

"शेतात नवी हायेत ना सर," भाऊ म्हणाला. "पण यंदा पाणी लय झालं. दुष्काळ कोठून आणान?"

सर हसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले.

"पानं देणार नाही," मी म्हटले.

"निष्कर्ष खरा असू शकतो. कळतंय का तुला?"

"कळतंय. खरा निघाला तर माझ्या नावानं छापेन. खोटा निघाला तरी माझ्याच नावानं छापेन."

सर उठले. चहा निम्मा उरला होता. घ्या ना, असे मी म्हटले नाही.