गोणपाटाखालचा इन्व्हर्टर

भर दुपारी घुंगरं थांबली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, ऊस चरकात अर्धा गेला होता, आणि काउंटरखालच्या पेटीतून बारीक बीप-बीप यायला लागलं. गोरखने ओलं गोणपाट बाजूला सारून झाकण उचललं. आत इन्व्हर्टरवर लाल दिवा. काल होता तोच.

"काय झालं काका?" कॉलेजच्या मुलीने विचारलं.

"तापला. एवढ्या उन्हात मानूस तापतो, हा तर डबा हाय."

त्याने मोटरचा पट्टा उतरवला, बाजूचं लोखंडी चाक धरलं आणि हाताने फिरवायला लागला. अर्धा अडकलेला ऊस सगळ्यात जड जातो. नव्या उसाला चाकाचा वेग आयता मिळतो. अडकलेल्याला पहिल्या हिसक्यापासून खांदा द्यावा लागतो. गोरखचा उजवा खांदा आता पार झिजला होता. डॉक्टरने साफ सांगितलं होतं, चाक पुन्हा धरलंत तर हात डोक्यावर जायचा नाही. मुलीला ग्लास देताना त्याने डावा हात पुढे केला.

गोरख पनवेलजवळच्या कोन नावाच्या गावचा. बाप पनवेलच्या एसटी स्टँडजवळ रसवंती चालवायचा, तेव्हापासून चाक याच्या हातात. पुढे डिझेलचं इंजिन आलं. खांद्याला आराम मिळाला, पण धूर आणि धडधड सुरू झाली. पनवेलच्याच खांदा कॉलनीतल्या ज्या सोसायटीच्या फाटकाशेजारी तो उभा राहायचा, तिथल्या लोकांनी तक्रार केली. सेक्रेटरी चारुदत्त हा नोकरदार माणूस, रस पिणारा. त्याने मधला मार्ग काढला.

"गोरखभाऊ, सोलर लावा. मी कमिटीत शब्द टाकलाय. पण डिझेलचा आवाज पुन्हा आला ना, तर मला काही बोलता येणार नाही. जागा सोडावी लागेल."

गोरखने सोलर लावलं. छपरावर पॅनेल, खाली बॅटरी, शेजारी इन्व्हर्टर. बाकीचे गाडीवाले सावली शोधत फिरायचे, हा पॅनेलसाठी उन्हात उभा. इंजिन ताडपत्रीखाली मागे पडून होतं. इंजिन चालू केलं तर जागा जाणार, चाक धरलं तर हात. इन्व्हर्टर टिकला तरच दोन्ही राहणार होतं. आणि रविवारी शेजारच्या मैदानावर सोसायट्यांच्या क्रिकेटच्या मॅचेस होत्या. सगळ्यांचा रस गोरखकडे सांगितलेला.

त्याने कल्पेशला फोन लावला. खारघरचा हा पोरगेला इलेक्ट्रिशियन. त्यानेच सगळं बसवून दिलं होतं.

"काका, मी तर तो मागच्या खांबावर मोकळा बसवला होता."

"मोकला काय ठेवतोस? चिपाडाचा भुसा उडतो, रस उडतो, माश्या हायत. पेटी केली मी. मुंगी शिरायची नाय आत."

"मग वारा कुठून शिरणार?"

"वरतून ओलं गोनपाट टाकलंय ना. हात लावून बघ, गार लागते पेटी."

पलीकडून कल्पेश ओरडला, "ओलं? करंटच्या वस्तूवर ओलं? काका, आधी मेन बंद करा आणि ते काढा! त्याला गारवा नकोय, वारा पाहिजे. मी रविवारी सकाळी येतो."

"गारवा नको म्हनतो," फोन ठेवून गोरख पुटपुटला. पण मेन बंद केलं आणि गोणपाट उचललं. पेटी त्याने स्वतः केली होती. फळ्या तासून जोड असे बसवले होते की नखही जाऊ नये, आतून पत्रा मारला होता. एवढ्या मेहनतीच्या कामात चूक असेल हे त्याच्या गळी उतरत नव्हतं.

सुनिता, त्याची बायको, बर्फाची लादी घेऊन रिक्षातून उतरली. तिने लादी खाली ठेवली आणि त्याच्या हातातलं गोणपाट ओढून तिच्यावर गुंडाळलं.

"अवो, बर्फाला हे कशाला गुंडालतो आपन?"

"गारवा बाहेर जाऊ नये म्हनून. हे काय विचारनं झालं?"

"मग तुमचा डबा गरम हाय. त्याला गुंडाललं तर काय बाहेर जायाचं नाय?"

गोरख लादीकडे बघत राहिला, मग पेटीकडे. बापाच्या काळापासून गोणपाट म्हणजे थंडावा, एवढंच हाताला ठाऊक होतं. बर्फ मुळात गार असतो, गोणपाट फक्त त्याचा गारवा राखतं. इथे आतल्या वस्तूचा ताप गोणपाटाने इमानाने राखून ठेवला होता.

"हे आधी नाय सांगायचं गो?"

"तुमी पेटीला हात लावून देता का कोनाला? लग्नात मला एवढं जपलं नाय."

संध्याकाळी त्याने पेटीला करवत लावली. स्वतःच्या कामावर करवत चालवताना हात जड झाला, पण चालवली. खाली एक झरोका, वर एक. दुसऱ्या दिवशी थोडा फरक पडला, पण भर दुपारी पुन्हा लाल दिवा. तेव्हा त्याने गाडीवर लावलेल्या नाथांच्या तसबिरीपुढची उदबत्ती उचलली आणि पेटीजवळ धरली. इन्व्हर्टरचा पंखा एका अंगाने हवा ओढत होता, दुसऱ्या अंगाने फेकत होता. धूर बाहेर पडला, वळला आणि त्याच खालच्या झरोक्यातून परत आत गेला. दोन्ही झरोके एकाच बाजूला होते. तापलेली हवा बाहेर येऊन पुन्हा आतच शिरत होती. त्यात चिपाडाचा ढीग खालच्या झरोक्याला टेकलेला.

"देवाची उदबत्ती इन्व्हर्टरला ओवालता?" सुनिता म्हणाली.

"गप. धूर बघ."

त्याने सगळं पुन्हा केलं. हवा आत घ्यायचा झरोका खाली, सावलीच्या बाजूला. त्याला बारीक जाळी आणि वर उतरता पत्रा, रस उडाला तरी आत जाऊ नये म्हणून. चिपाडं टाकायची जागा पलीकडे नेली. इन्व्हर्टर पेटीच्या भिंतीपासून सगळीकडून वीतभर सुटा केला, बॅटरीपासूनही दूर. तेलाचा रिकामा डबा कापून पत्र्याचा बोगदा केला आणि पंख्याची गरम हवा त्यातून वर, मागच्या अंगाने बाहेर काढली. पहिल्यांदा बोगद्याचं तोंड गिऱ्हाइकांच्या बाकाकडे झालं. तिथे बसलेला रिक्षावाला दचकून उठला. "गोरखभाऊ, रस थंड आणि हवा गरम, दोन्ही देता काय?" गोरखने बोगद्याचं तोंड फिरवलं. उदबत्ती पुन्हा धरली. धूर खालून आत गेला, वरून निघाला आणि परत फिरला नाही.

रविवारी सकाळी कल्पेश आला. पेटी वाकून बघितली, बोगद्यावर हात धरला. "बरोबर केलंत. फक्त जाळी रोज साफ करा. भुशाने बंद झाली की पुन्हा पहिल्यासारखंच." त्याने एक सैल तार घट्ट केली आणि रस मागितला.

मॅचेस सुरू झाल्या. ऊन चढलं. एका वेळी लोक इतके ग्लास मागायला लागले की सुनिताला लिंबं कापायला हात पुरेनात. गोरख मोटर आधी रिकामी फिरू द्यायचा, मग ऊस घालायचा. घाई करत नव्हता. ऐन गर्दीत बोगद्याच्या पत्र्याला त्याने हाताची पाठ लावली. चटका बसला. त्याला बरं वाटलं. ताप बाहेर येत होता.

घुंगरं वाजत राहिली. एकदाच पेटीतून आवाज आला असं वाटून त्याचा हात चाकाकडे गेला. मैदानावर कोणाचा तरी मोबाइल वाजला होता.

उन्हं कलल्यावर चारुदत्त आला, टोपीने वारा घेत. "गोरखभाऊ, आज बंदच पडलं नाही? मी दोनदा बाल्कनीत येऊन बघितलं. म्हटलं आता डिझेल सुरू होतंय."

"तुमी डिझेलची वाट बघत व्हता काय साहेब?"

"नाही हो! संध्याकाळी कमिटीत सांगायला काहीतरी पाहिजे. जागा तुमचीच, असंच सांगतो. आणि एक रस द्या, बिनबर्फाचा."

मे महिना अजून यायचा होता आणि पेटीचा खरा कस तेव्हाच लागणार, हे गोरखला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने ताडपत्रीखालचं इंजिन टेम्पोत चढवलं आणि कोनला भावाकडे पाठवलं, भाजीच्या मळ्यातल्या पंपाला. मोकळ्या झालेल्या जागी सुनिताने बाक सरकवला. ती त्यावर बसली, बर्फावरचं गोणपाट नीट केलं आणि म्हणाली, "आता चिपाडं हितं टाकायची नाय."

गोरख खाली वाकून जाळी साफ करत होता. जुन्या टूथब्रशने, एकेक भोक. उजव्या हाताने.