तिसरी पट्टी

माझे दोन रूळ सरळ झाले ते नाखवांमुळे. हे आधी सांगतो, मग काय झालं ते.

"तिसऱ्याला इचार, बाला." असं म्हणत ते लोखंडावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. ठाण्याच्या खाडीवरचे कोळी. होडी कधीच विकलेली, पण वागळे इस्टेटच्या आमच्या शेडमध्ये सगळे त्यांना नाखवाच म्हणत. लोखंड हाताने खरवडून सपाट करणं हे त्यांचं काम. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल: बोलणं थोडं, टोमणे फार.

मी सातवीतून शाळा सोडून परभणीकडून आलेलो, विठ्ठलवाडीला खोलीवर राहायचो. घरी कळवून बसलेलो की मिस्त्री झालोय. झालो नव्हतो. शेट म्हणाले, "छोटं ग्राइंडिंग मशीन आपणच बनवू. त्याचं डोकं ज्यावर सरकतं ते दोन रूळ तू कर. दिवाळीआधी जमलं तर मिस्त्री, नाहीतर गाव आहेच."

मी नवी, चकचकीत पोलादी पट्टी निवडली. एका अंगाने तासली. सकाळी पाहतो तर काकडीसारखी वाकलेली.

नाखवा हसले. "नवा लोखंड. पोटात राग हाय त्याच्या." मला शेडमागच्या भंगारात नेलं. मोडक्या मशीनच्या बिडाच्या पट्ट्या तिथे वर्षानुवर्षं ऊनपाऊस खात पडलेल्या. "ह्यांचा राग कवाच गेलाय. उचल तीन."

"रूळ तर दोनच लागतात."

"मोजाय तू शिकव आता मला."

जुन्या कानशीला धार लावून स्क्रेपर केला. एका पट्टीला निळा रंग फासायचा, दुसरीवर घासायची, निळं लागेल तो उंचवटा खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा घास. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा दोन्ही पट्ट्या एकमेकींवर अशा बसल्या की सगळीकडे निळंच निळं. मी धावत नाखवांना बोलावलं.

त्यांनी तिसरी आणली. जेवणाच्या सुट्टीत ते ती स्वतः खरवडत होते. माझ्या एका पट्टीवर ठेवली, ती डुलली. दुसरीवर ठेवली, तर निळं फक्त टोकांना. माझी एक फुगीर, दुसरी खोलगट. तव्यात तवा बसावा तशा जुळलेल्या.

"दोघी मिलून तुला फसवतान. आता तिघींना आलटूनपालटून घास. माज्या पट्टीवर पन भरवसा नको."

मला रडू फुटलं. "असू द्या ना नाखवा, बसवू अशाच. शेटना काय कळतंय?"

"शेटला नाय कलनार. मशीनला कलल."

पाच दिवस घासलं. मग दोन्ही रूळ मशीनवर चढवले. शेटनी एका बोटाने डोकं ढकललं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे अडलं नाही. "कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत नाखवा म्हणाले, "यानंच. माजं डोलं गेलं आता."

सगळे हसले. मीही हसलो, खरं सांगितलं नाही, आणि मिस्त्री झालो.

ती थट्टा नव्हती. होळीनंतर ते यायचे थांबले. तळहात टेकून डोळे का मिटायचे, ते तेव्हा समजलं. पुढे कोळीवाड्यात गेलो तर दाराला कुलूप. लेक घेऊन गेली, कुठे ते कुणाला सांगता येईना.

तिसरी पट्टी माझ्याकडे आहे. कधीतरी त्यांना शोधून काढणार, त्यांचा हात तिच्यावर ठेवणार, आणि चार माणसांसमोर सांगणार की त्या दिवशी मिस्त्री मी नव्हतो.