खंडूचे संवाद

चौथ्या प्रकरणाच्या शेवटी बाहुल्याने आपणहून मान फिरवली आणि समोर बसलेल्या सहा मुलांपैकी एकाने जांभई दिली. मी हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने ‘जां’ लिहिलं. पाचव्या प्रकरणात बाहुला खदाखदा हसला. एका मुलीने गुडघा खाजवला. समासात ‘खा’. आठव्या प्रकरणापर्यंत समासात जागा उरली नाही.

हे डोंबिवली पश्चिमेच्या एका वाचनालयात चाललं होतं. मी ठाण्यात, खोपटला, मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात संपादक आहे. पुस्तक छापण्याआधी ते मुलांना वाचून दाखवायचं ही आमची पद्धत. मुलांना ‘आवडलं का’ असं विचारायचं नाही. ती सभ्यपणे हो म्हणतात. त्यांच्या हातापायांकडे बघायचं. गोष्टीने पकडलं की हातपाय थांबतात.

हस्तलिखित भयकथेचं होतं. ओवी नावाची दहा वर्षांची मुलगी. तिचा काका शब्दभ्रमकार. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलवता बोलायचं आणि ते बोलणं मांडीवरच्या बाहुल्याचं आहे असं लोकांना वाटायला लावायचं. काका वाढदिवसांना आणि शाळांच्या गॅदरिंगला खेळ करतो. एकदा तो जुन्या पेटीतून खंडू नावाचा बाहुला घरी आणतो आणि खंडू दुष्ट निघतो.

लेखिका प्रज्ञा जाधव मागच्या बाकावर बसली होती. ती खडवलीजवळच्या एका शाळेत शिकवते. हे तिचं पहिलं पुस्तक, आणि दोन प्रकाशकांनी ते आधीच परत पाठवलेलं. मुलं गेल्यावर ती पुढे आली.

“मॅडम, माझ्या वर्गातली मुलं तर किंचाळलेली.”

“तुम्ही खंडूचा आवाज काढून वाचलं असेल.”

“हो. आवाज काढूनच.”

“पुस्तकासोबत तुम्ही घरोघरी जाणार नाही.”

ती हसली नाही. मीही ते विनोद म्हणून बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी म्हात्रेशेठनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक. त्यांच्या आजोबांची मिठागरं होती. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यांतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. पुस्तकांच्या नादावरून घरचे त्यांना अजून चिडवतात.

“ताई, जांभया किती?”

“अकरा.”

“अकरा? गणिताच्या पुस्तकाला पण एवढ्या नाय येत.”

“मला थोडे दिवस द्या.”

“पंधरा. भुतांच्या सेटची चारही पुस्तकं एकदम प्रेसला जाणार. खंडू जमला तर खंडू, नायतर ते हत्तीच्या भुताचं पुस्तक तयार पडलंय.”

“पुढच्या वर्षी घेता येईल?”

“भुतांचा सेट दरवर्षी काढायला मी काय मांत्रिक आहे?”

म्हणजे प्रज्ञाचं पुस्तक आत्ता किंवा कधीच नाही. शेठ बोलायला रांगडे, पण शब्दाला पक्के. दोन्ही बाजूंनी.

हे हस्तलिखित माझ्याकडे देतानाही ते अडखळले होते. “दुसऱ्या कुणाला देऊ का?” असं टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले होते. माझे यजमान शब्दभ्रमकार होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या शाळांमध्ये त्यांनी तीसेक वर्षं खेळ केले. त्यांना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. मी म्हटलं, “नको, मीच बघते.” संपादकाला कधी ना कधी ओळखीचा विषय येतोच.

मी हस्तलिखित पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मुलांच्या भयकथेचे काही संकेत ठरलेले असतात. प्रकरण घाबरवूनच संपवायचं, पण दर वेळी खरं भूत आणायचं नाही. तीनदा वाळत घातलेला सदरा निघाला पाहिजे, तेव्हा चौथ्यांदा मूल श्वास रोखतं. मोठ्या माणसांनी मुलावर विश्वास ठेवायचा नाही, कारण ठेवला तर ती पोलिसांना फोन करतील आणि गोष्ट तिसाव्या पानावर संपेल. रक्त दाखवायचं नाही. आणि सगळं निभावलं असं वाटत असताना शेवटच्या पानावर काहीतरी उरलेलं दाखवायचं. प्रज्ञाने हे सगळं नीट पाळलं होतं. सदरा होता, विश्वास न ठेवणारी आई होती, अडगळीतली पेटी होती. शेवटच्या पानावर खंडूचा एक डोळा उघडत होता.

चूक नियमांत नव्हती. मग मी रंगीत पेन्सिल घेऊन फक्त खंडूच्या तोंडची वाक्यं अधोरेखित केली. बहुतेक प्रत्येक पान लाल झालं. ‘मी तुला सोडणार नाही.’ ‘आता हे घर माझं आहे.’ ‘ओवी, पळ, किती पळशील?’ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी साधारण असंच बोलतात. त्यांना कोणी घाबरत नाही.

आमच्या घरी यजमानांचा रियाज आरशासमोर चालायचा. आवाजाचा अर्धा तास. त्यानंतर ऐकण्याचा एक तास. बाहुल्याला काहीतरी विचारायचं, थांबायचं, त्याच्याकडे मान कलती करून बघायचं, आणि मग समजल्यासारखं ‘अच्छा’ म्हणायचं. एवढंच, पुन्हा पुन्हा. मी एकदा विचारलं होतं, यात शिकण्यासारखं काय आहे. ते म्हणाले, “आवाज कुठे फेकता येत नाही गं. तो माझ्याच तोंडातून येतो. पण मी जिकडे बघतो, तिकडे लोक बघतात. मी ऐकलं, तरच तो बोलतो.”

मी प्रज्ञाला रविवारी कोपरला घरी बोलावलं. चहा झाल्यावर लाल झालेली पानं तिच्यासमोर ठेवली.

“हे सगळं काढायचं.”

“एवढं सगळं बदलायचं?”

“बदलायचं नाही. काढायचं. खंडू पुस्तकभर एकही वाक्य बोलणार नाही.”

तिने पानं चाळली. शेवटपर्यंत चाळली. मग म्हणाली, “मॅडम, राग मानू नका. बोलका बाहुला आहे तो. बोलला नाही तर लाकूडच की.”

“लाकूडच हवंय.”

“मुलं याच संवादांना हसलेली, घाबरलेली. पाठ आहेत त्यांना. वर्षभर लिहिलंय मी हे. तुम्ही म्हणताय तसं केलं आणि तरी शेठनी नाही घेतलं, तर माझ्याकडे हेही राहणार नाही आणि तेही.”

हे खरं होतं. मी कपाटातून यजमानांचा बाहुला काढला. त्याचं नाव गजू. पाठीत हात घालून त्याला मांडीवर बसवलं. मला ओठ मिटून बोलता येत नाही. तोंड उघडमीट करणारी दोरीही मी ओढली नाही. मी फक्त म्हटलं, “गजू, प्रज्ञाताई म्हणतात तू नुसतं लाकूड आहेस. खरं का?” आणि त्याच्याकडे बघत थांबले.

जेवढं थांबायला हवं त्याहून मी जास्त थांबले. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. मी मान वर केली तेव्हा प्रज्ञा माझ्याकडे बघत नव्हती. ती गजूकडे बघत होती आणि तिच्या हातातला कप तिरपा झाला होता.

“काय म्हणाला?” तिने हळू आवाजात विचारलं.

“काही नाही.”

तिने कप बशीत ठेवला. म्हणाली, “ती पेन्सिल द्या जरा.”

आम्ही मधला एक प्रसंग तिथेच पुन्हा लिहिला. आधी त्यात खंडू ओवीला धमकी द्यायचा आणि आई तिच्यावर विश्वास ठेवायची नाही. आता ओवी काकाला सांगते, “काका, माझी वही खंडूने फाडली.” काका रागावत नाही. तो खंडूकडे वळतो. मान कलती करून ऐकतो. बराच वेळ ऐकतो. मग ओवीकडे बघून मायेने म्हणतो, “तो म्हणतोय, तूच झोपेत फाडलीस.”

एवढंच. हे लिहून झाल्यावर प्रज्ञाने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, हे फार वाईट आहे.” ती कौतुक करत होती. मोठ्या माणसांनी विश्वास ठेवायचा नाही हा जुना संकेत तसाच राहिला. फक्त आता ती माणसं दुसऱ्या कोणावर तरी विश्वास ठेवत होती.

पुढचे बारा दिवस ती शाळा सुटल्यावर लिहायची आणि प्रकरणं व्हॉट्सॲपवर पाठवायची. संवाद गेल्यामुळे पुस्तक आखडलं. छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पानं पडतात, त्याला फर्मा म्हणतात. पुस्तक सहा फर्म्यांचं ठरलं होतं. ते पाच फर्मे आणि वर तीन पानं असं झालं.

“बाकीच्या तेरा पानांचं काय करू?” म्हात्रेशेठनी विचारलं. “कोरी ठेवू? भुताने खाल्ली म्हणून?”

“दर प्रकरण उजव्या पानावर सुरू करू. चित्रं वाढवू.”

“आणि हा बाहुला बोलत नाय म्हणता. कव्हर बघितलंत का? आ वासून बसलाय.”

“तोंड मिटायला सांगा चित्रकाराला.”

“ताई, बोलका बाहुला, बोलत नाय, कव्हरवर तोंड बंद. घेणारा म्हणेल, फर्निचरचं पुस्तक आहे.”

“एकदा वाचून बघू. जांभया आल्या तर हत्ती.”

शेठनी विचार केला. “मी पण येतो,” म्हणाले.

चौदाव्या दिवशी त्याच वाचनालयात वेगळी सहा मुलं बसली. शेठ लहान मुलांच्या खुर्चीत कसेबसे मावले होते. प्रज्ञा आली, पण आत बसली नाही; दाराबाहेर चपलांपाशी उभी राहिली. मी आवाज न बदलता, सपाट वाचत गेले. पहिल्या तीन प्रकरणांत दोन खाजवणी झाली. ती चालतात. मग काकाने मान कलती केली. मी वाक्य संपवलं आणि, मुद्दाम म्हणा, थोडी थांबले.

एकही हात हलला नाही.

“तो खरंच बोलला का?” एका मुलीने विचारलं.

“नाही गं, काकाच खोटं बोलतोय,” शेजारचा मुलगा म्हणाला.

“काका कशाला खोटं बोलेल? काका चांगलाय ना.”

“म्हणून तर.”

पुढचं प्रकरण सुरू करायला मला पाच मिनिटं लागली. भांडण मिटत नव्हतं. शेठही त्यात पडले. त्यांचं मत काकाच्या विरोधात होतं. जांभया शून्य. समासात मी काही लिहिलंच नाही, तेव्हा त्या प्रतीचा पुरावा म्हणून उपयोग नाही.

शेवटचं पान मात्र अजून जुनंच होतं. डोळा उघडत होता. मी प्रज्ञाला तो ठेवा किंवा काढा, असं काही सांगितलं नव्हतं. प्रेसला फाइल जायच्या सकाळी तिने नवीन पान पाठवलं. खंडू घरातून गेला आहे. काका पहिल्यासारखा झाला आहे. सगळे जेवायला बसलेत. आई ओवीला विचारते, “अजून पोळी वाढू?” ओवी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळते, मान कलती करते आणि थांबते.

मी त्यात एक स्वल्पविराम काढला आणि फाइल पाठवली.

पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीत सेटबरोबर आलं. पंधरा दिवसांत ऑफिसला एका आईचा फोन आला. तिची मुलगी घरात काही विचारलं की भिंतीकडे बघून थांबते, आणि हे असलं काय छापता, असं तिचं म्हणणं होतं. शेठनी दिलगिरी व्यक्त केली, फोन ठेवला आणि दुसऱ्या आवृत्तीचा कागद सांगितला. प्रज्ञाने आता दुसरं पुस्तक लिहायला घेतलं आहे. त्यात एक बोलणारा कावळा आहे. तो पहिल्या प्रकरणातच तीन पानं बोलतो. ती पानं मी अजून लाल केलेली नाहीत.

या कामातून मी एवढंच शिकले: मुलांना घाबरवायचं असेल तर बाहुल्याला संवाद देऊ नयेत. त्याचं ऐकणारं एक प्रेमळ, समजूतदार मोठं माणूस द्यावं.