ठोकळेबाईंच्या भुवया

कानांच्या दवाखान्यात त्यांना सगळे ठोकळेबाई म्हणत. मुलांना किती ऐकू येतं ते तपासणं हे त्यांचं काम. आवाज आला की मुलाने एक ठोकळा बादलीत टाकायचा, एवढाच खेळ. बावीस वर्षं बाई तो खेळत होत्या आणि एकदाही जिंकल्या नव्हत्या. खोली चहूबाजूंनी फोमने मढवलेली. दिवसभर तिथे बसून घरी गेल्या की नवरा विचारी, "अगं, ऐकतेस ना?" बाई म्हणत, "ऐकते. पण बादली कुठाय?"

आज समोर साडेचार वर्षांची चिमणी होती. जन्मापासून कमी ऐकणारी. जन्मावेळी तिच्या नाळेतलं रक्त जपून ठेवलं होतं. त्यातल्या मूळ पेशी कानाला काही उपयोगी पडतात का, यावर संशोधन चाललं होतं. सात महिन्यांपूर्वी तिचंच रक्त तिला चढवलं होतं. त्याआधीची तपासणी झोपेत, डोक्याला तारा लावून झाली होती. आज पहिल्यांदाच ठोकळे.

बाईंनी बटण दाबलं. ठोकळा बादलीत. आवाज कमी केला. ठोकळा. आणखी कमी. ठोकळा!

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आईने तोंडावर पदर धरला. बाईंचंही अंग हलकं झालं. कधी नव्हे तो आलेख वर चढत होता.

तेवढ्यात बाईंना शिंक आली. म्हणजे यायची होती. भुवया वर गेल्या आणि शिंक परत फिरली. बटणाला बोटही लागलं नव्हतं.

चिमणीने ठोकळा टाकला.

बाई बघतच राहिल्या. मग मुद्दाम, बटण न दाबता, भुवया उचलल्या. ठोकळा.

बावीस वर्षांत आपल्या भुवया प्रत्येक बटणाबरोबर वर जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? ज्यांना दिसत होतं, ती पोरं आपली गुपचूप ठोकळे टाकत होती.

खांदे भरून आले होते. शेजारच्या खोलीत डॉक्टर आलेखाची वाट बघत होते. आलेख तयारच होता. बाईंनी तो फाडला, फाईल तोंडापुढे धरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

या खेपेला ठोकळे फार वेळ हातातच राहिले. फक्त मोठ्या आवाजांना पडले.

"मघाशी तर टाकत होती ना हो?" आई म्हणाली.

"माझ्या भुवया बघून. चूक माझी आहे."

"थोडाही फरक नाही?"

"मागच्या वेळी होतं तिथेच आहे."

"मग ते रक्त... फुकट गेलं?"

"ते माझ्या आलेखावरून नाही ठरत. संशोधनातल्या बाकीच्या मुलांचेही आलेख यायचेत. मी फक्त जे झालं ते लिहिते."

आई कसनुसं हसली. "हाक मारली की बघते, म्हणून मी जावेला, नणंदेला, सगळ्यांना सांगत सुटले होते. हाक मारताना मी तिच्या समोरच उभी असते की!"

"समोरच उभ्या राहा," बाई म्हणाल्या. "पोरगी तुमच्या चेहऱ्यावरून केवढं वाचते, बघताय ना?"

त्या लिहायला बसल्या. बाहीला ओढ लागली. चिमणीने बादली बाईंपुढे सरकवली होती. तिने बाईंकडे रोखून पाहिलं आणि आपल्या दोन्ही भुवया कपाळभर उचलल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं, एक ठोकळा उचलला आणि बादलीत टाकला.