टेबलाखालच्या मापाचं कॅबिनेट

गळ्यात मोजपट्टी नाही अशा टेपकाकू आमच्यापैकी कुणी पाहिलेल्या नाहीत. झोपेतही त्या उशीचं माप घेत असतील, असं शेजारी म्हणत. काकू शाळेचे गणवेश शिवत. पोरं भराभर वाढतात, म्हणून शिलाईच्या आत भरपूर कापड दुमडून ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता. पुढच्या वर्षी तोच शर्ट उसवून मोठा करून देत. कुणी म्हणालं, "काकू, अगदी मापात शिवा," तर त्याची धडगत नसे. "पोर काय एवढंच राहणार आहे का?"

त्यांच्या लेकीला एका स्टुडिओने व्हिडिओ एडिटिंगचं काम देऊ केलं. स्टुडिओ परगावी. घरी दमदार कॉम्प्युटर असेल तर घरून कर, नाहीतर इथे राहायला ये, म्हणाले. एरवी कॉम्प्युटरचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या काकू दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाल्या, "चल, घेऊन टाकू."

"त्यावर मी गेमही खेळणार हं आई. आधीच सांगते."

"खेळ बाई. घरात बसून काय वाट्टेल ते खेळ."

अट एकच. सगळे भाग ज्यात बसवतात ते कॅबिनेट काकूंच्या कटिंगच्या टेबलाखाली मावलं पाहिजे. लेकीच्या मनात मागची खोली होती.

"तिथे दार लावून काम करता येईल गं."

"दार कशाला लावायचं? माझ्या शेजारी बस की. मी काय तुझे व्हिडिओ खाणार आहे?"

हुज्जत घालणं लेकीच्या स्वभावात नव्हतं.

दुकानात काकूंनी सगळ्यांत छोट्या कॅबिनेटवर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, "काकू, आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा. गेम काय नि एडिटिंग काय, मोठा भार त्याच्यावर. पेटीचं मागून बघू."

"मापाचं मला नका सांगू," म्हणत काकूंनी गळ्यातली पट्टी काढली. कॅबिनेट बाहेरून मोजलं, लेकीने निवडलेलं कार्ड मोजलं. "बसतंय. अगदी नेमकं बसतंय."

दुकानदाराने छोटा मदरबोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला, रॅमच्या दोन पट्ट्या दोन खाचांत घातल्या. कार्डाची पाळी आली आणि ते अडलं. आत पुढच्या बाजूला पंखा होता, त्याने जागा खाल्ली होती.

"जरा दाबून बघा ना."

"काकू, हे कापड नाही, पत्रा आहे. तुम्ही बाहेरून मोजलंत."

काकू ओशाळल्या. जन्मभर माणसं बाहेरूनच तर मोजली होती.

"छोटं कार्ड देतो," दुकानदार म्हणाला. "आज भागेल. पुढे मोठं काम आलं की अडखळेल. रॅमलाही आणखी जागा नाही यात."

"चालेल," लेक म्हणाली. "छोटंच द्या."

पण मोठ्या कार्डाचा खोका तिने अजून छातीशी धरला होता. लहानपणी शाळेचं दप्तर धरायची, तसाच. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. 'मापात शिवा' म्हणणाऱ्या किती जणींना आपण झापलं! आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी दोन बोटांची जागाही ठेवली नाही. कॉम्प्युटर टेबलाखाली मावावा म्हणून नव्हे, पोरगी नजरेसमोर राहावी म्हणून हे माप घेतलं होतं, हे त्यांना त्या काउंटरशी उभं असताना कळलं. आधीही कळत असेल कदाचित.

"ते मोठं कॅबिनेट काढा," त्या म्हणाल्या. "रॅमला चार जागा असलेला बोर्ड घाला. पॉवर सप्लायही थोडा वाढीव ताकदीचा द्या, पुढे लागेल."

"आई, हे टेबलाखाली नाही जाणार."

"मागच्या खोलीत जाईल ना?"

"दार लावलं तर?" लेकीने विचारलं.

"लाव. हाक मारली की ओ दे म्हणजे झालं."

सगळं जुळून आलं, पडदा उजळला, लेकीचा चेहरा त्याहून उजळला. दुकानदार कॅबिनेटचा मोठा खोका चेपून कोपऱ्यात टाकणार, तोच काकूंनी त्याचा हात धरला.

"तो मोडू नका. थर्माकोलसकट द्या."

"कशाला गं ती अडगळ?" लेक म्हणाली.

काकूंनी मोजपट्टी पुन्हा गळ्यात अडकवली. "असू दे माळ्यावर. उद्या तुला तिकडे जावंसं वाटलं, तर नीट बांधून न्यायला नको का?"