सासऱ्यांचं गाव

आमच्याकडे नवीन माणूस भेटला की दुसऱ्याच वाक्याला विचारतात, "गाव कोणतं तुमचं?" मला वाटायचं, याचं उत्तर जगात प्रत्येकाला येतं. लग्न होऊन ब्रिस्टलच्या या घरात आले तेव्हा कळलं की माझ्या सासऱ्यांनाच ते येत नव्हतं. आयर्लंड, कॉर्क जिल्हा, एवढंच. त्यांचे पणजोबा कोवळ्या वयात बोटीतून इकडे आले, गोदीत कामाला लागले, आणि गावाचं नाव पुढच्यांना सांगायचं राहूनच गेलं. आणि सासरे जाताना सासूबाईंचा हात धरून म्हणाले, "मला आपल्या गावी ने." अहो, पण कुठल्या?

तेव्हापासून त्यांची राख हॉलमधल्या शेल्फवर, हिरव्या बरणीत. आणि तेव्हापासून मीही इथेच.

नवऱ्याला लंडनला नोकरी लागली होती. तिथल्या एजवेअर भागात घर बघून ठेवलेलं, माझी मैत्रीण तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. यायला त्या तयार होत्या, फक्त बरणीकडे बोट दाखवून एकच अट : "आधी याला त्याच्या गावी पोचवू. मग हे घर विका आणि मला कुठेही न्या." त्यामुळे नवरा आठवडाभर तिकडे भाड्याच्या खोलीत आणि मी इकडे सासूबाईंबरोबर. इथे सासूला नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळेना, म्हणून मी नवऱ्यासारखंच 'मम' म्हणते आणि मनातल्या मनात अहो-जाहो करते.

"तू कॉम्प्युटरवर असतेसच," म्हणत नवऱ्याने शोधाचं काम माझ्या गळ्यात मारलं. म्हटलं, त्यात काय, जन्माचा दाखला मागवायचा. डोंबलाचा दाखला! आयर्लंडमध्ये सरकारने सगळ्यांचे जन्म नोंदवायला घेतले, तोवर आमच्या पणजोबांना ब्रिस्टलमध्ये मिसरूड फुटलं होतं. इथल्या जनगणनेत जन्मस्थळापुढे लिहिलंय, 'आयर्लंड'. म्हणजे मला कुणी गाव विचारावं आणि मी 'भारत' म्हणून मोकळं व्हावं. उरली चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं. तीही लॅटिनमध्ये, शाई फुटलेली, आणि पाद्र्यांचं अक्षर असं की आमच्या गावचे डॉक्टर परवडले.

मी बसायचे वरच्या अडगळीच्या खोलीत. तिची खिडकी कधीतरी रंग देताना चिकटली ती उघडतच नाही. समोर स्क्रीनवर कुणाकुणाची मेलेली पोरं, आणि खालून तासातासाला हाक, "सापडलं का गं?" सुरुवातीला बरं वाटायचं. मग ती हाक आली की माझे दात आवळले जायला लागले. मैत्रिणीचा फोन आला की मी उचलेनाशी झाले, कारण तीही तेच विचारायची.

एक धागा हाती लागला. त्यांच्यातही थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात, अगदी आमच्यासारखं. मी हरखले. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच. म्हणजे पणजोबांच्या थोरल्या मुलाचं जे नाव, तेच त्यांच्या बापाचं असणार. त्या धाग्याने कॉर्कमधली एक पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा वाड्यांचा टापू, सापडली, पणजोबांचं नाव सापडलं, बापाचंही बरोबर. नवऱ्याला फोन लावणार, तोच पुढच्या पानावर पुन्हा तेच नाव, बापाचंही तेच. मग आणखी एक. आणि आणखी एक. चुलत, चुलत-चुलत सगळ्यांनी आपापल्या आजोबांची नावं फिरवून फिरवून वापरलेली! चार पोरं, चार वेगळ्या वाड्या. आणि आमचा नेमका कुठला, की शेजारच्या पॅरिशमधला, हे सांगणारं काही शिल्लकच नाही. शेजारच्या पॅरिशचं पुस्तक तर त्यांच्या जन्मानंतरच सुरू झालेलं. मी हात टेकले.

"अगं, कुठलीतरी एक वाडी सांगून टाक," नवरा फोनवर म्हणाला. "तिला काय कळणार आहे?"

खोटं कशाला बोलू, मी तेच ठरवून खाली गेले. चारांतलं सगळ्यात गोड नाव निवडलं होतं. मम बरणी मांडीवर घेऊन फडक्याने पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं. मी खरं ते सांगून टाकलं. नाही सापडलं, मम. सापडणारही नाही.

त्या रडल्या नाहीत. फडकं तसंच फिरत राहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना कुठे ठेवलं?"

म्हटलं, "घरामागे, कडुलिंबाखाली. आम्ही बौद्ध, नदीबिदीचं काही करत नाही. भावाने खड्डा केला, राख मातीत मिसळली."

"आणि तुझी आई?"

"ती तिथेच. भावाने नागपूरला फ्लॅट घेतलाय, पण ही बाई हलायला तयार नाही. रोज संध्याकाळी झाडाखाली खुर्ची टाकून बसते." हे मी हसत हसत सांगितलं. भावाची कशी जिरवते आई, याचं मला कोण कौतुक!

पुढच्या रविवारी नवरा आला आणि ममच्या सांगण्यावरून आम्ही मागच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली राख पुरली. मम काठी टेकत उभ्या होत्या, चेहरा कधी नव्हे इतका मोकळा. नवरा हात धुता धुता माझ्या कानाशी म्हणाला, "सुटलो एकदाचे. उद्याच एजंटला फोन करतो."

मी मागे वळून पाहिलं. मम किचनमधली खुर्ची ओढत बाहेर नेत होत्या. ती त्यांनी झाडाखाली नीट बसवली, हलत नाही ना ते पाहिलं आणि बसल्या. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. राग राग आला, त्यांचा, माझा, त्या चार वाड्यांचा. रडूही येत होतं.

"उभी का?" मम म्हणाल्या. "तुझ्यासाठीही एक आण."

मी आत गेले आणि खुर्ची घेऊन आले.