दिवसा दिवे लावलेली गाडी

आमच्या भागात तेव्हा एकच टॅक्सी होती. राजिवड्याचे एक चाचा ती चालवायचे. रत्नागिरीहून निघाली की वाटेत जो हात करील त्याच्यासाठी ती थांबे. आत जागा नसली तरी थांबे, आणि कुणाच्या मांडीवर, कुणाच्या पायाशी असा माणूस कसाबसा मावे. फक्त एका वेळी ती थांबत नसे. इस्पितळातून कुणाचं प्रेत घरी न्यायचं असलं तर चाचा भर दुपारीसुद्धा गाडीचे पुढचे दोन्ही दिवे लावत, म्हणजे कुणी हात करू नये. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण हळूहळू सगळ्यांना ते कळलं होतं. लांबून दिवे दिसले की माणसं रस्त्याकडेला होत. पुरुष डोक्यावरची टोपी काढत, बायका भारा खाली ठेवून हात जोडत. गाडी कुणाच्या दारात थांबणार, एवढंच सगळ्यांच्या मनात असे.

मुलगा होऊन मला आठवडा झाला होता, तेव्हा आमच्या थोरलीचा घसा धरला. पाच वर्षांची होती. ताप चढला आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. वैद्य म्हणाले, घटसर्प आहे, आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला न्या. मी बाळंतिणीच्या खोलीत. तान्ह्याला लागण होईल म्हणून तिला माझ्याजवळ येऊ देत नव्हते. दाराशी उभी राहून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, मी मोटारीतून चालले. माझा लाडू ठेव हां."

माझ्यासाठी केलेल्या अळिवाच्या लाडवांवर तिचा डोळा होता. सासूबाई म्हणाल्या, "बरी होऊन ये. दोन देईन."

"तीन," ती म्हणाली.

हे तिला उपरण्यात गुंडाळून घेऊन गेले. मोटारीत ती पहिल्यांदाच बसत होती. खिडकीच्या फटीतून मला तिचे केस तेवढे दिसले.

खोलीची ती खिडकी रस्त्याकडे होती. वारा लागेल म्हणून सासूबाई ती लावून घ्यायच्या आणि त्यांची पाठ वळली की मी फट उघडायची. दोन दिवस काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला वळणावर धुरळा दिसला आणि त्यातून टॅक्सी बाहेर आली. मी आधी दिवे पाहिले. लागलेले नव्हते. तरी पुन्हा पाहिले, कारण ऊन काचेवर पडलं की कधीकधी फसायला होतं. नव्हतेच.

ओटीवरून सासूबाई ओरडल्या, "दिवे नाहीत गो! आली पोर!" स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. मी बाळाला उचललं आणि त्याच्या कानाशी म्हटलं, "तुझी ताई आली."

गाडी थांबली. ती उडी मारून उतरेल म्हणून मी बघत होते. हे उतरले, पण फार सावकाश, पाठमोरे. उपरणं तिच्या तोंडावरून ओढलेलं होतं. चाचा टोपी हातात घेऊन गाडीशी उभे होते. सासूबाई लाडू घेऊन पायरीपर्यंत गेल्या होत्या. तो लाडू पुढं कुठं ठेवला, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

तिचे दिवस झाल्यावर एक मासेवाली भेटायला आली. ती आमच्याकडे नेहमी यायची. उंबऱ्याबाहेर टोपली ठेवून ती रडायलाच लागली. "वैनी, मला काय ठावं? दिवे नव्हते गो. मी हात केला. गाडी थांबली नाय म्हणून चाचाला शिव्या घातल्या भर रस्त्यात. मग काल बंदरावर तो भेटला तेव्हा म्हणाला, भाऊंनीच सांगितलं होतं, दिवे लावू नको, ती खिडकीत बसली असेल."

मी तिला पाणी दिलं.

यांनी माझ्यासाठी केलं ते मला कळत होतं. वळणापासून दारापर्यंतचा तेवढा वेळ त्यांनी मला दिला होता. पण माझ्या मनात राग बसला तो बसलाच. मासेवालीचं बोलणं डोक्यातून जाईना. सगळ्या रस्त्यावर माझ्या मुलीसाठी एक माणूस थांबलं नव्हतं. कुणी टोपी काढली नव्हती. परक्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना जे मिळायचं ते तिला मिळालं नाही, आणि वर शिव्या. हे यांना सांगायचं कसं? मी मुळात कमी बोलणारी, आणि हेही तसेच. तिचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे.

मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर सासूबाईंचा नवस फेडायला आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. गाडी चाचांचीच. भाद्रपद चालू होता. परत येताना सड्याच्या उघड्या माळावर धुकं उतरलं, इतकं की पुढचा रस्ता दिसेना. चाचांनी दिवे लावले आणि लगेच आरशातून मागे माझ्याकडे पाहिलं.

पुढे बसलेले हे म्हणाले, "चाचा, जरा थांबू या. धुकं विरेल."

"विरतंय कुठलं, भाऊ. आज रात्रीपर्यंत असंच."

"मग दिवे मालवून हळू घ्या. आता गावं लागतील."

"समोरून यष्टी आली तर? पोरगं आहे गाडीत."

चाचांचा हात बटणाकडे गेला, तसाच थांबला. परपुरुषासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण तेव्हा म्हटलं, "असू देत दिवे."

सडा उतरल्यावर धुकं पातळ झालं, तरी चाचांनी दिवे तसेच ठेवले. शेताच्या बांधावरून चाललेले लोक थांबले. एकाने डोक्यावरचं इरलं उतरवलं आणि पावसात तसाच उभा राहिला. गवताचा भारा घेऊन निघालेल्या दोघी बायका होत्या. त्यांनी भारे चिखलातच ठेवले आणि हात जोडले. वासरू ओढत नेणारा एक म्हातारा त्याची मान धरून उभा राहिला. मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता. मी पदर पुढं ओढला आणि एकेकाला बघत राहिले. कुणालाच माहीत नव्हतं की ते कुणासाठी उभे आहेत. मला माहीत होतं.

नाक्यावर गाडी हळू झाली, तेव्हा तिथल्या दुकानदाराने मात्र वाकून आत पाहिलं आणि खेकसला, "अरे चाचा, मेल्या! जिवंत माणसं घेऊन दिवे काय लावतोस? मी टोपी काढली ना उगाच!"

"धुकं होतं रे वर," चाचा म्हणाले.

"मग आता कुठंय धुकं?"

चाचांनी गाडी पुढे काढली.

दारात उतरल्यावर यांनी मुलाला माझ्याकडून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला त्रास झाला असेल."

"नाही," मी म्हटलं. "सगळे उभे राहिले."

ते तिथंच थांबले. मुलाचं डोकं त्यांनी खांद्यावर नीट टेकवलं. म्हणाले, "त्या दिवशी वाटभर लोक हात करत होते. एकाने तर गाडीवर थाप मारली, तिच्याच बाजूला. मी कान झाकले तिचे."

मग ते घरात गेले. मी पायरीवरच राहिले. तीन वर्षं मी फक्त रस्त्यावरच्या माणसांचा विचार केला होता. गाडीच्या आत तिला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, ते माझ्या मनातच आलं नव्हतं. चाचांनी गाडी वळवली आणि ते शहराकडे निघाले. रिकामी गाडी, पण दिवे त्यांनी वळणापर्यंत मालवले नाहीत.